तारेवरचे पाऊल : वन्यजीव-छायाचित्रणाच्या उपकरणांची कथा



ज्या सरांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांचा मी विद्यार्थी. त्यांच्याविषयी बोलताना विशेषणे वापरण्याचा मोह होतो. पण सरांना विशेषणे आवडत नसत. प्रयोगवहीत ‘पुष्कळ’, ‘बराच’, ‘जवळजवळ’ असे शब्द आले की ते लाल शाईने त्यांखाली रेघ मारीत आणि समासात एकच शब्द लिहीत : ‘किती?’ आजचे माझे व्याख्यान म्हणजे त्या एका प्रश्नाला दिलेले लांबलेले उत्तर आहे.

१९६८ सालच्या मे महिन्यातली गोष्ट. सर आम्हां सहा मुलांना घेऊन खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या पुढे एका वस्तीवर आठ दिवसांच्या मुक्कामाला गेले होते. त्यांच्या पिशवीत एक आगफा क्लिक थ्री कॅमेरा होता, उंदराच्या सापळ्याची एक स्प्रिंग होती, एकदाच पेटून विझणारे फ्लॅशचे काही बल्ब होते आणि फाउंड्रीत काम करणाऱ्या एका माजी विद्यार्थ्याने लेथवर घडवून दिलेली पितळेची एक कळ होती. ओढ्याकाठच्या पायवाटेवर वीतभर उंचीवर काळा दोरा ताणायचा. कुणा प्राण्याचा पाय त्यात अडकला की स्प्रिंग सुटावी, कळ दाबली जावी आणि उजेड पडून चित्र निघावे, अशी ती योजना. सात रात्री दोरा लावला. तीन रात्री तो कुणी ओढलाच नाही. उरलेल्या चार रात्रींची चार चित्रे बेळगावात धुऊन आली, तेव्हा एकात वाऱ्याने मोडलेली फांदी होती, दुसऱ्यात वस्तीवरच्या कुत्र्याचे तोंड होते, तिसरे नुसते काळे होते आणि चौथ्यात उजव्या कोपऱ्यात एका उदमांजराची शेपटी होती.

त्या शेपटीचे आम्हांला केवढे कौतुक! सरांनी मात्र वहीत सात ओळींचा तक्ता आखायला लावला. आम्ही चारच ओळी भरल्या. सर म्हणाले, “उरलेल्या तीन रात्रींचे काय झाले?” आम्ही म्हणालो, “काही नाही.” ते म्हणाले, “मग तसे लिहा. ‘काही नाही’ हीसुद्धा नोंदच असते.” त्या वाक्याचा पूर्ण अर्थ कळायला मला पुढली चाळीस वर्षे लागली. तो कसा कळला, हे सांगण्यासाठीच आज मी हा विषय निवडला आहे.

बंदुकीचा वारसा

रानातल्या प्राण्याचे चित्र घेण्यासाठी लागणारी उपकरणे दीर्घकाळपर्यंत कोणत्याही दुकानात मिळत नव्हती. ज्याला ती हवी होती, त्यालाच ती घडवावी लागली. आणि घडवताना त्याच्यापुढे नमुना होता तो बहुधा शिकाऱ्याच्या हत्यारांचा. छायाचित्रणात आपण अजूनही ‘नेम धरतो’, ते उगाच नव्हे.

फ्रेंच शरीरशास्त्रज्ञ एतियन-ज्यूल मारे याला उडत्या पक्ष्याच्या पंखांची गती अभ्यासायची होती. त्यासाठी त्याने १८८२ साली एक ‘छायाचित्र-बंदूक’ तयार करवली. तिला दस्ता होता, चाप होता, नळीच्या जागी भिंग होते आणि काडतुसांच्या जागी गोल फिरणारी काच होती. खांद्याला लावून चाप ओढला की एका सेकंदात बारा चित्रे उमटत. प्रत्येक चित्राला मिळणारा प्रकाश सेकंदाच्या ७२०व्या भागाएवढा. पक्ष्यावर बंदूक रोखली गेली आणि तरीही पक्षी उडत राहिला. पुढल्या साऱ्या इतिहासाचे बीज या घटनेत आहे.

शिकारीची दुसरी एक युक्ती याहून जुनी होती. प्राण्याच्या वाटेवर तार ताणायची, तिचे टोक भरलेल्या बंदुकीच्या चापाला बांधायचे आणि आपण घरी जाऊन झोपायचे. प्राण्याचेच पाऊल चाप ओढणार. इंग्लंडातील जमीनदार अशा बंदुका आपल्या रानांत चोरून शिकार करणाऱ्या माणसांसाठीही लावीत, आणि त्यांत निरपराध लोकही बळी पडत. १८२७ साली तेथे कायद्याने या प्रकाराला बंदी घालावी लागली. हा तपशील श्रोत्यांनी लक्षात ठेवावा; शेवटी त्याकडे परत यायचे आहे.

बंदुकीची ही तार कॅमेऱ्याला जोडून त्यातून मोठे काम उभे करण्याचे श्रेय जॉर्ज शिरास तिसरा या अमेरिकन गृहस्थाकडे जाते. हा पेशाने वकील, काही काळ अमेरिकन काँग्रेसचा सदस्य, आणि तरुणपणी हौशी शिकारी. मिशिगन राज्यातील सुपीरियर सरोवराच्या परिसरात ओजिब्वा लोकांची रात्रीच्या शिकारीची एक पद्धत त्याने पाहिली होती. होडीच्या टोकावर दिवा ठेवायचा, अंधारात आवाज न करता वल्हवत जायचे. काठावरचे हरीण उजेडाकडे टक लावून पाहते, त्याचे डोळे चमकतात आणि नेम साधता येतो. शिरासने बंदुकीच्या जागी कॅमेरा आणला. पुढे तो स्वतः होडीतूनही उतरला : वाटेवर दोरी ताणून, तिच्या टोकाला आमिष बांधून त्याने प्राण्यालाच आपले चित्र घ्यायला लावले.

आज हे सांगायला सोपे आहे. पण त्या काळचा ‘फ्लॅश’ म्हणजे काय होते, हे विज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी समजून घ्यावे. १८८७ साली जर्मनीत मीटे आणि गेडिके यांनी मॅग्नेशियमची पूड आणि पोटॅशियम क्लोरेट यांचे मिश्रण शोधून काढले होते. पोटॅशियम क्लोरेट तापले की प्राणवायू सोडते, त्यात मॅग्नेशियम भडकते आणि लख्ख पांढरा उजेड पडतो. ही दारूच होती. मिश्रण दमट झाले तर पेटत नसे, आणि जास्त कोरडे असून घासले गेले तर नको तेव्हा पेटे. हात भाजणे, डोळ्यांना इजा होणे हे या धंद्यात नवल नव्हते. उजेडानंतर पांढऱ्या धुराचा लोट उठे, म्हणून एका जागी एका रात्री सहसा एकच चित्र मिळे.

‘नॅशनल जिऑग्राफिक’ मासिकाने जुलै १९०६च्या अंकात शिरासची ७४ छायाचित्रे छापली. मासिक शास्त्रीय संस्थेचे, आणि त्याला ‘चित्रांचे पुस्तक’ करून टाकले, म्हणून संस्थेच्या व्यवस्थापक मंडळातील दोघांनी राजीनामे दिले. वाचकांचा कौल मात्र उलट पडला. रात्री हरिणे, रानमांजरे, साळिंदरे काय करतात, हे शहरातल्या माणसांनी त्यापूर्वी पाहिलेच नव्हते.

लपणे आणि निघून जाणे

याच काळात इंग्लंडात रिचर्ड आणि चेरी हे कीर्टन बंधू वेगळ्या वाटेने चालले होते. यॉर्कशरच्या डोंगराळ भागातल्या एका खेड्यातली ही मुले. १८९५ साली त्यांचे ब्रिटिश पक्ष्यांच्या घरट्यांवरील पुस्तक रानातल्या छायाचित्रांसह प्रसिद्ध झाले. माणूस दिसला की पक्षी घरट्यावर बसत नाही. पण गुरे चरताना दिसली तर त्याला भीती वाटत नाही. म्हणून त्यांनी बैलाचे कातडे आतून पोकळ सांगाड्यावर चढवले आणि छायाचित्रकार कॅमेऱ्यासह त्या बैलाच्या पोटात उभा राहू लागला. कड्यावरून दोराने लोंबकळणे, झाडाच्या ढोलीसारखा आडोसा बांधणे, हे त्यांचे नित्याचे होते.

कीर्टन बंधूंचा मार्ग लपण्याचा, तर शिरासचा मार्ग निघून जाण्याचा. लपलेला माणूस क्षण निवडू शकतो. परंतु त्याचा वास, त्याची हालचाल, त्याचा थकवा तेथेच असतो. निघून गेलेला माणूस क्षण निवडू शकत नाही, पण त्याच्या उपस्थितीने काही बदलतही नाही. उपकरण घडवणाऱ्याला म्हणूनच दुसरी वाट अधिक कठीण. माणसाचे डोळे, बोट आणि निर्णय ही तिन्ही कामे त्याला धातूत, दोऱ्यात आणि पुढे विजेत बसवावी लागतात.

हीच गोष्ट समुद्राखाली फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञ लुई बूतां याने केली. १८९३ साली भूमध्य समुद्राकाठी बान्युल्स येथील प्रयोगशाळेत त्याने पाण्याखाली चित्रे घ्यायला आरंभ केला. त्याचा भाऊ ओग्युस्त अभियंता. त्याच्या मदतीने कॅमेऱ्यासाठी जलाभेद्य पेटी बनवली गेली. खोल पाण्याचा दाब पेटीत पाणी घुसवू पाहतो. यावर तोड म्हणून पेटीला हवेने भरलेली रबरी पिशवी जोडली. बाहेरचा दाब वाढला की पिशवी चेपून आतल्या हवेचा दाबही तेवढाच वाढे. मग पाण्याला आत शिरण्याचे कारणच उरत नसे. उजेडासाठी प्राणवायूने भरलेले पिंप, त्यावर काचेच्या घुमटाखाली स्पिरिटचा दिवा, आणि त्या ज्योतीवर रबरी फुग्याने फुंकलेली मॅग्नेशियमची पूड, असा सरंजाम होता. पुढे १८९९ साली त्याने विजेचे दिवे आणि कॅमेरा पन्नास मीटर खोल सोडून विद्युतचुंबकाच्या साह्याने झडप वरूनच उघडली. माणूस वर, डोळा खाली.

आमच्या उदमांजराच्या शेपटीचा प्रश्नही याच मालिकेतला आहे. दोरा ओढला जाण्याच्या आणि उजेड पडण्याच्या मधल्या वेळात प्राणी पुढे निघून जातो. या मधल्या वेळाशी झगडताना विसाव्या शतकात दोन गोष्टी घडल्या. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत हॅरॉल्ड एजर्टन यांनी १९३०च्या दशकात वायूने भरलेल्या नळीतून विजेचा अत्यल्पकाळ टिकणारा झोत मिळवला, आणि दारूची जागा विजेने घेतली. इंग्लंडात स्टीफन डाल्टन यांना उडत्या किड्यांची चित्रे हवी होती. किडा प्रकाशाची रेघ ओलांडतो आणि नेहमीच्या कॅमेऱ्याची झडप उघडेपर्यंत चौकटीबाहेर जातो. १९७०च्या दशकाच्या आरंभी त्यांनी रॉन पर्किन्स या इलेक्ट्रॉनिक तज्ज्ञाच्या सहकार्याने सेकंदाच्या ४५०व्या भागात उघडणारी झडप आणि सेकंदाच्या पंचवीस हजाराव्या भागाएवढा झोत घडवला. झगडा तोच, कळ पितळेची असो की विजेची.

शिवालिकच्या जंगलातला वनाधिकारी

आता आपल्या देशाकडे वळू. फ्रेडरिक वॉल्टर चॅम्पियन हा इंग्रज अधिकारी पहिल्या महायुद्धानंतर वनखात्यात संयुक्त प्रांतात, म्हणजे आजच्या उत्तर प्रदेश-उत्तराखंडात, काम करीत होता. त्या काळी अधिकाऱ्याच्या बंगल्याची शोभा वाघाच्या कातड्याने ठरे. चॅम्पियनला बंदुकीचा तिटकारा होता. त्याने शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याच्या जंगलात वाघांच्या वाटांवर तारा लावल्या. तारेच्या एका टोकाला कॅमेऱ्याची झडप, दुसरीकडे दारूचा झोत. जनावर सांबर निघेल की साळिंदर, हे तारेला कळत नसे. कित्येक रात्री वाया जात. पण १९२५ साली लंडनच्या एका सचित्र साप्ताहिकात त्याची वाघांची चित्रे झळकली. आपल्याच रानात मोकळेपणी हिंडणारे वाघ जगाने तेव्हा पाहिले. १९२७ आणि १९३४ साली त्याची दोन पुस्तके निघाली. जिम कॉर्बेट यांनी बंदूक बाजूला ठेवून कॅमेरा हाती घेतला, त्यामागे चॅम्पियनच्या चित्रांची प्रेरणा होती.

परंतु माझ्या दृष्टीने चॅम्पियनचे मोठेपण वेगळ्याच ठिकाणी आहे. निरनिराळ्या रात्रींची चित्रे शेजारी ठेवून पाहताना त्याच्या ध्यानात आले की दोन वाघांचे पट्टे सारखे नसतात. पट्ट्यांवरून ‘हा तोच’ किंवा ‘हा दुसरा’ असे सांगता येते. छायाचित्र हे तोवर शिकारीचे स्मरणचिन्ह होते. या निरीक्षणाने ते ओळखपत्र झाले. दुर्दैव असे की या ओळखपत्राचा उपयोग करायला आपण जवळजवळ सत्तर वर्षे घेतली.

पाऊलठशांकडून पट्ट्यांकडे

वाघ मोजायची गरज स्वातंत्र्यानंतर भासू लागली. ओडिशातील वनाधिकारी सरोज राज चौधरी यांनी १९६६ साली पाऊलठशांची पद्धत मांडली. मातीतला ठसा काचेवरून रेखून घ्यायचा, त्याचा प्लास्टरचा साचा करायचा आणि त्यावरून एकेक वाघ वेगळा ओळखायचा. १९७२च्या पहिल्या अखिल भारतीय गणनेत १,८२७ वाघ मोजले गेले, आणि त्या आकड्याच्या धक्क्यानेच १९७३ साली व्याघ्र प्रकल्प सुरू झाला. तेव्हा या पद्धतीने देशाचे भले केले नाही, असे म्हणता येणार नाही. तथापि तिच्यात एक मोठी उणीव होती. एकाच वाघाचा ठसा वाळूत वेगळा, चिखलात वेगळा. आणि जो वाघ कुणालाच दिसला नाही त्याचे काय, या प्रश्नाला तिच्यात उत्तर नव्हते. वरून आकडा वाढलेला हवा असेल, तर खालून तो वाढत राहणे सोपे होते.

येथे उल्लास कारंत यांचे नाव घ्यायला हवे. ज्ञानपीठविजेते कन्नड साहित्यिक शिवराम कारंत यांचे हे चिरंजीव. शिक्षणाने मेकॅनिकल इंजिनिअर, नंतर काही काळ शेतकरी, नंतर वन्यजीवशास्त्रज्ञ. त्यांनी १९९०च्या दशकाच्या आरंभी आपल्याच कर्नाटकातील नागरहोळेच्या जंगलात कॅमेरा-सापळे लावले. आता तारेच्या जागी अवरक्त किरणांचा अदृश्य दोरा आला होता : वाघाने तो ओलांडला की कॅमेरा चालू. वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टे वेगळे असतात, म्हणून वाटेच्या दोन्ही बाजूंना समोरासमोर दोन कॅमेरे. हत्तींनी कॅमेरे उपटून फोडू नयेत म्हणून लोखंडी कवचे. १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात त्यांनी या चित्रांना संख्याशास्त्राची जोड दिली.

ही जोड शाळेतल्या मुलालाही समजण्यासारखी आहे. समजा, पहिल्या फेरीत कॅमेऱ्यांत वीस निरनिराळे वाघ आले. दुसऱ्या फेरीतही वीसच आले, पण त्यांतले दहा पहिल्या फेरीत आलेलेच होते. म्हणजे पहिल्या फेरीत आपल्याला एकूण वाघांपैकी सुमारे निम्मेच दिसले होते. तेव्हा एकूण संख्या चाळीसच्या आसपास असावी. डॅनिश शास्त्रज्ञ पीटरसन यांचे नाव या युक्तीला माशांच्या गणतीमुळे चिकटले आहे. प्रत्यक्षातील गणित याहून पुष्कळ गुंतागुंतीचे आहे, कारण सगळे वाघ सारख्याच सहजतेने सापळ्यात येत नाहीत. परंतु तिचा गाभा एवढाच : न दिसलेल्यांचाही हिशेब धरायचा. आणि तो धरायचा तर कोणत्या रात्री, कोणत्या वाटेवर, किती कॅमेरे होते आणि त्यांत काही आले नाही, हे सारे लिहून ठेवावे लागते. सरांनी आम्हांला भरायला लावलेल्या त्या तीन ओळी मला येथे भेटल्या.

त्या ओळी न लिहिल्याने काय होते, हे सरिस्काने दाखवले. राजस्थानातील या व्याघ्र प्रकल्पात २००४च्या नोंदींप्रमाणे डझनाहून अधिक वाघ होते. २००५ साली तेथे एकही वाघ उरला नसल्याचे स्पष्ट झाले. शिकाऱ्यांनी ते संपवले होते, आणि कागदावर ते जिवंत होते. या धक्क्यानंतर पाऊलठशांची गणना मोडीत निघाली आणि कॅमेरा-सापळे व संख्याशास्त्र यांवर आधारलेली पद्धत आली. २००२ साली देशात ३,६४२ वाघ असल्याचे सांगितले गेले होते. २००६च्या नव्या पद्धतीच्या अंदाजात ते १,४११ भरले. दोन पद्धतींतले आकडे थेट ताडून पाहता येत नाहीत, हे खरे. पण जुना आकडा किती पोकळ होता, याची कल्पना त्यावरून यावी.

२०१८-१९च्या गणनेत २६,८३८ ठिकाणी कॅमेरे लावले गेले. त्यांनी ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रे घेतली. त्यांपैकी वाघांची होती ७६,६५१, म्हणजे दर हजारात दोनच्या आसपास. त्यांतून पट्ट्यांवरून २,४६१ निरनिराळे वाघ ओळखले गेले. २०२२च्या गणनेत देशातील वाघांची सरासरी अंदाजित संख्या ३,६८२ आली. आजच्या कॅमेऱ्यात दोरा नाही, किरणही नाही. उबदार शरीर समोरून हलले की परिसराच्या आणि त्याच्या उष्णतेतला फरक तो टिपतो. भर उन्हाळ्यात दगड-मातीच शरीराइतकी तापली की त्याची नजर मंदावते, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते.

आपल्या घाटात

हे सारे शिवालिकचे किंवा नागरहोळेचे. आपल्याला त्याचे काय, असे कुणी म्हणेल. मे २०१८मध्ये सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात एका नर वाघाचे चित्र कॅमेऱ्यात आले. मे २०२०मध्ये दांडेलीकडच्या काळी व्याघ्र प्रकल्पात एक चित्र आले. पट्टे जुळवून पाहिले तो वाघ एकच. दोन्ही ठिकाणांत दोनशे किलोमीटरांहून अधिक अंतर. त्यांना जोडणारे रान कोणते? आंबोली, चोर्ला, म्हादई, भीमगड, म्हणजे आपलेच. आपण ज्या सीमेवरून पिढ्यानपिढ्या भांडतो आहोत, ती त्या वाघाने विचारपूस न करता ओलांडली. आणि हे आपल्याला कळले ते कुणी पाहिले म्हणून नव्हे, तर दोन निर्जन वाटांवरच्या दोन पेट्यांमुळे.

याची दुसरी बाजू दुःखद आहे. जानेवारी २०२०मध्ये गोव्याच्या सत्तरी तालुक्यात, म्हादई अभयारण्यातील गोळावली येथे एक वाघीण आणि तिची तीन पिल्ले मेलेली सापडली. मारलेल्या गुराच्या सांगाड्यावर विष घातले गेले होते. ज्यांचे गुरू वाघाने नेले त्यांचा संसार त्या गुरावर चालतो, हे विसरून या घटनेकडे पाहणे अन्यायाचे ठरेल; आणि एक अख्खे कुटुंब संपले, हे विसरणेही तितकेच अन्यायाचे. गोव्यात वाघ वस्ती करून राहतात की नुसते येऊन जातात, असा वाद वर्षानुवर्षे चालला होता. जुलै २०२३मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने तीन महिन्यांत व्याघ्र प्रकल्प अधिसूचित करण्याचा आदेश दिला आणि राज्य सरकार त्याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात गेले. निकाल काहीही लागो. वाघ आहेत की नाहीत, एवढ्यापुरते तरी कुणाच्या स्मरणावर वा मर्जीवर विसंबण्याचे दिवस गेले.

साक्षीदाराची मर्यादा

मघाशी १८२७च्या कायद्याची आठवण ठेवा म्हणालो होतो. तारेला बांधलेल्या बंदुकीला पाऊल कुणाचे हे कळत नसे. तारेवाचून चालणाऱ्या कॅमेऱ्यालाही ते कळत नाही. कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पाच्या परिसरातील कॅमेऱ्यांविषयी केंब्रिज विद्यापीठाच्या संशोधकांचा एक अभ्यास २०२४ साली प्रसिद्ध झाला. सरपण, गवत आणायला रानात जाणाऱ्या बायकांना या कॅमेऱ्यांमुळे सतत कुणी पाहत असल्याची जाणीव होते. त्या मोठ्याने बोलेनाशा, गाईनाशा होतात. काहींची चित्रे नको त्या हातांत पडून त्यांची अप्रतिष्ठाही झाली, असे त्यात नोंदवले आहे. वास्तविक रानात मोठ्याने बोलणे, गाणे हे जनावराला दूर ठेवण्याचे जुने साधन. तेच थांबले, तर पेटीने राखलेल्या वाघाशी बाईची गाठ पडण्याचा धोका वाढतो.

माणसाने निघून जावे, म्हणजे प्राण्याला त्रास होणार नाही आणि नोंद खरी मिळेल, ही शिरासपासूनची कल्पना थोर आहे. पण निघून गेलेल्या माणसाची जबाबदारी निघून जात नाही. पेटी कुठे लावायची, कुणाला विचारून लावायची, माणसाचे चित्र आले तर ते कुणी पाहायचे आणि केव्हा पुसायचे, हे निर्णय कोणत्याही लेथवर घडत नाहीत. ते लावणाऱ्यानेच घ्यायचे असतात.

मुलांनो, आज कॅमेरा तुमच्या खिशातल्या दूरध्वनीतच असतो. सापळ्याचे कॅमेरेही विकत मिळतात. तेव्हा स्प्रिंग आणि पितळेची कळ घेऊन बसा, असे मी सांगणार नाही. पण एकदा तरी स्वतःच्या हाताने काहीतरी मोजण्याचे साधन करून पाहा. ते चुकेल. ते का चुकले हे शोधताना, विकत घेतलेले साधन कुठे चुकत असेल, याचाही अंदाज तुम्हांला येऊ लागेल; आणि उद्या कुणी तुमच्यासमोर वाघांचा, पावसाचा किंवा मतांचा मोठा आकडा ठेवला, तर ‘तो कसा मोजला’ असे विचारण्याचे धैर्य येईल.

सरांची ती प्रयोगवही आज माझ्यापाशी आहे. उदमांजराच्या शेपटीचे चित्र डिंक सुटून केव्हाच हरवले. तक्ता मात्र शाबूत आहे : सात ओळी, त्यांतल्या तिनांत माझ्या त्या वेळच्या अक्षरात ‘काही नाही’. समासात लाल शाईत सरांची बरोबरची खूण आहे. त्यांच्याकडून मला मिळालेल्या खुणांत ती मी सर्वांत मोलाची मानतो.